घरच्या चार्जिंगसाठी कनेक्टर कोणता घ्यावा? टाइप २, सीसीएस आणि भिंतीवरचे सॉकेट

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. येत्या दोन महिन्यांत आमच्या घरी विजेवर चालणारी पहिली मोटार येणार आहे आणि ती येण्याआधी चार्जिंगची सोय करून ठेवावी, या विचाराने गेले काही दिवस मी माहिती गोळा करते आहे. गाडी निवडताना जेवढा गोंधळ झाला नाही तेवढा या एका विषयात झाला, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

गाडीच्या माहितीपत्रकात चार्जिंगच्या रकान्यात 'सीसीएस-२' असे लिहिले आहे. घरी बसवायच्या चार्जरची चौकशी केली, तेव्हा एकाने टाइप २ ची केबल कायमची जोडलेला चार्जर सुचवला. दुसऱ्याने केबल नसलेला, फक्त टाइप २ चे सॉकेट असलेला चार्जर घ्या, असे सांगितले. तिसऱ्याचे म्हणणे असे पडले की गाडीबरोबर पोर्टेबल चार्जर येतोच, तेव्हा भिंतीवर निळे तीन पिनांचे औद्योगिक सॉकेट बसवले की वेगळ्या चार्जरची गरजच नाही. तिघेही या कामातले आहेत, पण तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. गाडीला सीसीएस-२ असताना तिला टाइप २ चा चार्जर चालतो कसा? केबल जोडलेला चार्जर आणि सॉकेटचा चार्जर यांत रोजच्या वापरात नेमका काय फरक पडतो? आणि चार-पाच वर्षांनी दुसरी गाडी वेगळ्या कनेक्टरची आली, तर आज केलेली मांडणी वाया जाईल का? घरी वीज सिंगल फेज आहे, गाडी उभी राहते ती जागा मीटरपासून सुमारे २० मीटरांवर असून तिच्यावर छप्पर नाही, आणि रोजचे धावणे ५० ते ६० किलोमीटर आहे.

ओळंबा

विद्युत मांडणीच्या कामात बरीच वर्षे गेली असल्याने थोडे विस्ताराने लिहितो, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की उरलेले दोन पुष्कळ सोपे होतात.

बॅटरीत साठते ती वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) असते आणि घरात येते ती एसी (दिशा सतत बदलणारी). एसीचे डीसी करणारे यंत्र कुठे बसवले आहे, यावर सगळे अवलंबून असते. रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रात ते यंत्र केंद्राच्या मोठ्या कपाटात असते आणि केबलमधून थेट डीसी वीज गाडीच्या बॅटरीकडे जाते. घरी चार्ज करताना मात्र हे काम गाडीच्या पोटातला ऑन-बोर्ड चार्जर करतो. भिंतीवरच्या ज्या पेटीला आपण सगळे 'चार्जर' म्हणतो, ती खरे पाहता गाडीशी आधी संवाद साधून, सर्व काही सुरक्षित असल्याची खात्री पटल्यावरच एसी वीज पुढे सोडणारा एक नियंत्रित स्विच असतो.

सीसीएस म्हणजे या दोन्ही सोयी एकाच तोंडात बसवलेली रचना. आपल्या गाडीचे झाकण उघडून पाहाल तेव्हा वरच्या बाजूला सात जागांचे, माथ्यावर सपाट असलेले गोल तोंड दिसेल. तो टाइप २. त्याच्या खाली दोन जाड पिनांची जागा असते, ती डीसीसाठी. घरचा टाइप २ चा प्लग वरच्या भागात बसतो आणि खालच्या दोन पिना मोकळ्या राहतात. उत्तर अमेरिकेतल्या सीसीएस-१ मध्ये वरचा भाग टाइप १ चा असतो, एवढाच मुख्य फरक. तेव्हा घरासाठी सीसीएस-२ शोधू नका. टाइप २ हेच आपल्या गाडीचे घरचे कनेक्टर आहे.

आता प्रकारांविषयी. एसी चार्जिंगची तोंडे आयईसी ६२१९६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात टाइप १, टाइप २ आणि टाइप ३ अशी नोंदलेली आहेत. टाइप १ म्हणजेच अमेरिकी मानकातले एसएई जे १७७२. त्याचे आजचे पाच पिनांचे रूप २००९-१० च्या सुमारास पक्के झाले आणि ते फक्त सिंगल फेज चालवते. उत्तर अमेरिका आणि जपान येथे ते रुजले. टाइप २ ला जर्मनीच्या मेनेकेस कंपनीच्या नावानेही ओळखतात. त्यात तीन फेज, न्यूट्रल, अर्थ आणि संकेतांच्या दोन अशा सात पिना असल्यामुळे तो सिंगल फेजवर आणि थ्री फेजवरही चालतो. टाइप ३ फ्रान्स आणि इटली यांच्या बाजूने पुढे आला होता, परंतु युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये टाइप २ चा पुरस्कार केला आणि २०१४ च्या निर्देशाने तो युरोपभर पायाभूत ठरला. त्यानंतर टाइप ३ मागे पडला. ज्यांनी त्याआधी टाइप ३ ची सॉकेटे बसवली होती त्यांना ती पुढे बदलावी लागली. आपण तिसऱ्या प्रश्नात जी भीती व्यक्त केली आहे ती म्हणूनच अनाठायी नाही.

चीनचे जीबी/टी हे एसी कनेक्टर दिसायला टाइप २ सारखेच, पण पिना आणि भोके उलट बाजूंना असल्याने ते एकमेकांत बसत नाही. चाडेमो हे जपानी कनेक्टर केवळ डीसीसाठी आहे, म्हणून घरच्या चर्चेत ते सहसा येत नाही. अशा गाड्यांना एसीसाठी वेगळे तोंड दिलेले असते.

रातवा

ओळंबा यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवावा असा आहे. दुसऱ्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे पाच मीटर केबल कायमची जोडलेला टाइप २ चा चार्जर आहे आणि मी तो पुन्हा निःशंकपणे घेईन.

घरी चार्जिंग ही रोजची गोष्ट आहे. रात्री गाडी लावली, प्लग उचलला, गाडीत बसवला, सकाळी काढून खुंटीवर अडकवला. एवढ्यात काम संपते. सॉकेटचा चार्जर घेतला, तर गाडीच्या डिकीतून केबल काढा, एक टोक भिंतीत लावा, दुसरे गाडीत लावा, आणि सकाळी तीच ओली, धुळीने भरलेली केबल पुन्हा गुंडाळून डिकीत ठेवा, हे रोज दोनदा करावे लागते. पहिल्या आठवड्यात त्याचे काही वाटत नाही, पण पावसाळ्यात ते नकोसे होते. शिवाय जोड जितके कमी तितके बिघाड कमी. कायम केबलच्या चार्जरमध्ये भिंतीकडचे टोक आत स्क्रूने आवळलेले असते, म्हणजे रोज निघणारा-बसणारा जोड एकच राहतो.

जुनी_वही

रातवा यांच्या सोयीच्या मुद्द्याशी सहमत आहे, परंतु माझा अनुभव मला नेमका दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. आमची पहिली गाडी टाइप १ ची होती आणि आम्ही टाइप १ ची केबल कायमची जोडलेला चार्जर बसवला होता. दुसरी गाडी आली ती टाइप २ ची. चार्जरची पेटी ठणठणीत, आतला संपर्कक (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) उत्तम, वायरिंग उत्तम, आणि अडले ते फक्त केबलच्या टोकापाशी. केबल बदलून देण्यास विक्रेता तयार नव्हता, कारण पेटी उघडली की हमी संपते, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच जागी सॉकेटचा चार्जर असता, तर टाइप २ ते टाइप १ अशी एक केबल आणि टाइप २ ते टाइप २ अशी दुसरी केबल ठेवून दोन्ही गाड्या एकाच भिंतीवर चालल्या असत्या. भिंतीकडचे टाइप २ सॉकेट हे एक प्रकारचे तटस्थ ठिकाण आहे. गाडी बदलली की केबल बदलते, भिंत बदलत नाही.

मांडव

तिसऱ्या विक्रेत्याने दिलेल्या सल्ल्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मी त्या वाटेवरून गेलो आहे. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर मी सुरुवातीला घरातल्या नेहमीच्या जाड तीन पिनांच्या सॉकेटला लावत असे. त्याच सॉकेटवर वर्षानुवर्षे पाणी तापवण्याचा गीझर चालला होता, म्हणून शंका घेण्याचे कारण दिसले नाही. साधारण चौथ्या महिन्यात एका पहाटे जळक्या प्लास्टिकचा वास आला. प्लग काढायला गेलो तर तो बोटांना चटका बसण्याइतका तापला होता, आणि न्यूट्रलच्या भोकाभोवतीचा भाग तपकिरी होऊन मऊ पडला होता. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) पडला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह पूर्णपणे मर्यादेत होता.

गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी सलग सहा-आठ तास तोच प्रवाह ओढते. हा फरक मला फार उशिरा कळला. घरात त्या रात्री कोणाला जाग आली नसती तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

ओळंबा

मांडव यांनी जे लिहिले ते या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मी मानतो. त्यामागचे गणित साधे असून ते एकदा डोळ्यांखालून घालावे.

जोडाच्या ठिकाणी निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, सॉकेटमधली पत्ती सैल पडल्यामुळे एका पिनेच्या संपर्काचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १० मिलिओहम झाला. १० अँपिअरला तेथे १ वॉट उष्णता निर्माण होईल, १६ अँपिअरला सुमारे २.६ वॉट आणि ३२ अँपिअरला १० वॉटांहून जास्त. बंद प्लास्टिकच्या पेटीत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, तासन् तास १० वॉट म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यातही तापलेली पत्ती आपला ताण गमावते, त्यामुळे ती आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि चक्र सुरू राहते. एमसीबी प्रवाह मोजतो. जोडाचे तापमान त्याला कळत नाही.

घरगुती सॉकेटवर लिहिलेला आकडा हा सलग रात्रभराच्या भाराची हमी नसतो. म्हणूनच अनेक पोर्टेबल चार्जर अशा सॉकेटवर ८ किंवा १० अँपिअरपुरते मर्यादित ठेवलेले असतात, आणि काहींच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा संवेदकही बसवलेला असतो. निळे औद्योगिक सॉकेट, म्हणजे आयईसी ६०३०९ चे, याबाबतीत निश्चितच वरचढ आहे, कारण त्याच्या पिना गोल आणि भरीव असतात, पकड घट्ट असते आणि ते अशा सलग भारासाठीच घडवलेले असते. तेव्हा तिसऱ्या विक्रेत्याचा सल्ला चुकीचा नाही, पण एक गोष्ट त्याने सांगितली नाही. औद्योगिक सॉकेटच्या पिनांवर वीज सदैव जिवंत असते, कारण पोर्टेबल चार्जरची नियंत्रण पेटी सॉकेटच्या पुढे, केबलच्या मधोमध असते. छप्पर नसलेल्या जागेत हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

टाइप १ आणि टाइप २ यांच्यात मात्र गाडी जोडली जाईपर्यंत मुख्य पिना निर्जीव असतात. कंट्रोल पायलट नावाच्या पिनेवर चार्जर १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की तिच्यातल्या रोधामुळे ते ९ व्होल्टांवर येतात; गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ व्होल्टांवर येतात, आणि त्यानंतरच भिंतीवरच्या पेटीतला संपर्कक जुळून वीज पुढे जाते. याच पिनेवरून एक किलोहर्ट्झचा चौकोनी संकेत जातो आणि तो प्रत्येक आवर्तनात किती वेळ वर राहतो, त्यावरून गाडीला किती अँपिअर घेण्याची परवानगी आहे ते कळते. सुमारे २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर आणि सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२. ही पिन इतरांपेक्षा आखूड असते. म्हणून प्लग ओढला तर प्रथम तीच सुटते आणि मुख्य पिना सुटण्यापूर्वी वीज तुटते. अर्थची पिन सर्वांत आधी जुळते आणि सर्वांत शेवटी सुटते. ही रचना पाहिली की वाटते, कोणीतरी भर पावसात उभे राहून ओल्या हाताने प्लग काढणाऱ्या माणसाचा विचार करूनच ती केली असावी.

उंबरठा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडव यांचा अनुभव वाचून घरातल्या सॉकेटचा विचार मी पूर्णपणे सोडून दिला आहे.

आणखी दोन शंका आहेत. पहिली अशी की, ३२ अँपिअरचा चार्जर घेतला तर गाडी तेवढी वीज घेईलच का, आणि मला तेवढ्याची गरज आहे का? दुसरी अशी की, जुनी_वही यांनी सांगितलेल्या वेगवेगळ्या केबलींऐवजी बाजारात छोटे अडॅप्टर मिळतात, ते वापरणे कितपत योग्य आहे?

ओळंबा

गरजेपासून सुरुवात करू. साधारण मोटार १०० किलोमीटरला १५ ते २० युनिट वीज घेते. ६० किलोमीटरला ९ ते १२ युनिट, आणि चार्जिंगमधली तूट धरून १० ते १३ युनिट. २३० व्होल्टांवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट; त्या वेगाने आपली रोजची भर पाच-सहा तासांत होते. १६ अँपिअरवर ३.७ किलोवॉट मिळतात आणि काम साडेतीन तासांत आटोपते. ३२ अँपिअरवर ७.४ किलोवॉट मिळतात आणि दोन तासही पुष्कळ होतात. म्हणजे रोजच्या गरजेसाठी १६ अँपिअर पुरेसे आहेत. मोठ्या क्षमतेचा उपयोग होतो तो लांबच्या प्रवासाहून रात्री उशिरा परतून सकाळी पुन्हा निघायचे असेल तेव्हा.

गाडी किती घेईल, ते तिच्या ऑन-बोर्ड चार्जरवर ठरते. तो ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर कितीही मोठी पेटी लावली तरी गाडी ३.३ च घेणार. थ्री फेजवर १६ अँपिअर म्हणजे ११ किलोवॉट आणि ३२ अँपिअर म्हणजे २२ किलोवॉट हे आकडे जाहिरातीत दिसतात, पण तेवढे घेणारा ऑन-बोर्ड चार्जर गाडीत आहे का, हे आधी पाहावे. टाइप २ चे सात पिनांचे तोंड असले म्हणून गाडी थ्री फेज घेतेच असे नाही. कित्येक गाड्यांत त्यांतल्या दोन पिना नुसत्या रिकाम्या असतात.

माझा सल्ला असा की चार्जर ३२ अँपिअरचा घ्या, वायर ३२ अँपिअरला पुरेल अशीच टाका आणि चार्जरच्या अंतर्गत मांडणीत (सेटिंगमध्ये) मर्यादा १६ वर ठेवा. २० मीटर अंतराला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन ४० मीटरांत सुमारे ०.१२ ओहम रोध होतो आणि ३२ अँपिअरला ४ व्होल्टांच्या आसपास घट होते, जी सहज सोसण्यासारखी आहे. वायर कोणत्या नळीतून जाते आणि भोवती किती उष्णता आहे, त्यानुसार जाडी वाढवावी लागू शकते. ते प्रत्यक्ष पाहणाऱ्या इलेक्ट्रिशियनने ठरवावे. भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा आज जाड वायर टाकणे केव्हाही शहाणपणाचे.

स्पर्शरेषा

अडॅप्टरच्या शंकेवर मी लिहिते, कारण उत्तर अमेरिकेत राहत असताना हा विषय रोजचाच झाला होता. तेथे टेस्लाने २०१२ पासून स्वतःचे वेगळे कनेक्टर वापरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी त्याचा आराखडा नॅक्स या नावाने सर्वांना खुला केला, २०२३ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी तो स्वीकारण्याचे जाहीर केले, आणि पुढे एसएई जे ३४०० या नावाने तो मानकात आला. परिणामी एकाच घरात टाइप १ ची जुनी गाडी आणि नॅक्सची नवी गाडी अशी स्थिती तेथे पुष्कळ ठिकाणी दिसते.

तरीही घरी फारशी अडचण येत नाही. ओळंबा यांनी वर वर्णन केलेला कंट्रोल पायलटचा संवाद टाइप १, टाइप २ आणि नॅक्स या तिन्हींच्या एसी चार्जिंगमध्ये मुळात एकच आहे. बोली एकच असल्याने अडॅप्टरला काही भाषांतर करावे लागत नाही, फक्त पिना योग्य जागी पोचवाव्या लागतात. डीसीच्या बाबतीत असे नसते. चाडेमोचा संवाद सीसीएसपेक्षा वेगळ्या पद्धतीने होतो, त्यामुळे तेथे साध्या अडॅप्टरने भागत नाही. आणि एसी चार्जरला अडॅप्टर लावून डीसी तोंडातून गाडी चार्ज करता येईल, असा कोणी दावा केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मात्र अडॅप्टर म्हणजे पुन्हा एक वाढीव जोड, आणि तोही हवेत लोंबकळणारा. टाइप १ मध्ये प्लगच्या खटक्याने पकड मिळते. तो खटका दाबला की प्रॉक्सिमिटीच्या, म्हणजे प्लग बसला आहे का ते गाडीला सांगणाऱ्या, पिनेवरचा रोध बदलतो आणि गाडी आधी प्रवाह थांबवते. टाइप २ मध्ये गाडीच आतून एक खिळ सरकवून प्लग अडकवून ठेवते. अडॅप्टरमध्ये या दोन पद्धतींची सांगड बसवावी लागते आणि हलक्या दर्जाच्या अडॅप्टरमध्ये ती नीट बसत नाही. भार चालू असताना सुटणारे अडॅप्टर मी स्वतः पाहिले आहे. म्हणून पाहुण्यांच्या गाडीसाठी अडॅप्टर ठेवावे, रोजच्या गाडीसाठी योग्य टोकाची अखंड केबलच घ्यावी. केबलला केबल जोडून लांबी वाढवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. चार्जिंगच्या मानकातही अशा वाढीव दोरीला मनाई आहे.

जुनी_वही

स्पर्शरेषा यांच्याशी पूर्ण सहमत. सॉकेटच्या चार्जरबद्दल एक गोष्ट राहिली होती. टाइप २ च्या सुट्या केबलच्या प्लगमध्ये एक लहानसा रोध बसवलेला असतो, त्यावरून चार्जरला केबलची क्षमता कळते. २० अँपिअरच्या केबलमध्ये तो ६८० ओहमचा आणि ३२ च्या केबलमध्ये २२० ओहमचा असतो. त्यामुळे चुकून कमी क्षमतेची केबल लावली, तरी चार्जर तिच्या मर्यादेतच वीज देतो. दोन गाड्या आणि दोन केबली असलेल्या घरात हे फार उपयोगी पडते.

रातवा

केबल वेगवेगळ्या ठेवण्याचा फायदा मला पटला आहे. एक सुवर्णमध्य सुचवतो. सॉकेटच्या अनेक चार्जरमध्ये केबल भिंतीकडच्या टोकाला कायम अडकवून ठेवण्याची सोय मांडणीतून निवडता येते. तसे केले की रोज एकच टोक हाताळावे लागते आणि केबल चोरीलाही जात नाही. पुढे गाडी बदलली की अडकण सोडवून दुसरी केबल लावायची. माझ्या वेळी हे कोणी सांगितले असते, तर मीही कदाचित सॉकेटचाच चार्जर घेतला असता.

मांडव

उंबरठा यांना एक विनंती करतो. कनेक्टर ठरवताना अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. माझ्याकडे वर सांगितलेल्या प्रसंगानंतर चार्जर बसवला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने लाल दिवा लावून वीज सोडण्यास नकार दिला. सर्वांनी चार्जरलाच दोष दिला. नंतर तपासणीत निघाले की घराचा अर्थ खड्ड्यापाशीच गंजून तुटलेला होता, आणि किती वर्षे तो तसा होता हे कोणालाच माहीत नव्हते. आम्ही इतकी वर्षे अर्थशिवाय राहत होतो, ते त्या पेटीमुळे कळले.

ओळंबा

मांडव यांचा मुद्दा अगदी योग्य आहे, त्याला जोडून गळती-संरक्षणाचे लिहितो. चार्जरसाठी स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचे स्वतंत्र आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारे उपकरण) हवे. यात एक बारीक गोष्ट आहे, जी अनेक इलेक्ट्रिशियनांकडूनही सुटते. गाडीतल्या ऑन-बोर्ड चार्जरमध्ये बिघाड झाला, तर एसीबरोबर डीसी गळतीही होऊ शकते. डीसी गळतीने साध्या 'एसी' प्रकारच्या आरसीसीबीचा चुंबकीय गाभा संपृक्त होतो आणि मग खरी एसी गळती झाली तरी ते पडत नाही. म्हणून चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे का, ते विचारावे. ती असेल तर बाहेर 'ए' प्रकारचे आरसीसीबी चालते. नसेल तर 'बी' प्रकारचे घ्यावे लागते. दारात आलेल्या तंत्रज्ञाला हा एकच प्रश्न विचारला, तरी त्याच्या तयारीचा अंदाज येतो.

छप्पर नसलेल्या जागेसाठी सॉकेटचे तोंड खाली झुकलेले आणि आपोआप मिटणारे झाकण असलेले निवडा. केबल जमिनीवर पडू देऊ नका. गाडीकडच्या टोकाला त्याच्याबरोबर आलेली टोपी घाला आणि तोंड खाली करून खुंटीवर टांगा, म्हणजे भोकांत पाणी साचणार नाही. टाइप २ चे जोड हजारो वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेले असतात, पण वाळू आणि चिखल यांपुढे कोणताही जोड टिकत नाही.

उंबरठा (धागाकर्ती)

काम पूर्ण झाले, म्हणून कळवते. ३२ अँपिअरचा, टाइप २ सॉकेट असलेला सिंगल फेज चार्जर बसवला आहे. त्यात ६ मिलिअँपिअरची सोय आहे, शिवाय 'ए' प्रकारचे स्वतंत्र आरसीसीबी लावले. वायर ६ चौरस मिलिमीटरची घेतली आणि अर्थ नवा केला. जुन्या अर्थची अवस्था मांडव यांनी वर्णन केली तशीच निघाली. सात मीटरची केबल रातवा यांनी सुचवल्याप्रमाणे भिंतीकडे कायम अडकवून ठेवली आहे आणि मर्यादा १६ अँपिअरवर ठेवली आहे. गाडी येऊन तीन आठवडे झाले. चार्जिंग चालू असताना तीन तासांनी मी दोन्ही टोकांना हात लावून पाहते. गाडीकडचे टोक अगदी थंड असते, भिंतीकडचे किंचित कोमट लागते. हे कोमट लागणे सामान्य समजावे का?

ओळंबा

१६ अँपिअरवर तीन तासांनंतर किंचित कोमट लागणे सामान्य आहे, विशेषतः भिंतीकडच्या टोकाशी, कारण पेटीतल्या संपर्ककाची आणि इलेक्ट्रॉनिक भागांची उष्णताही तेथे येते. हात ठेववत नाही इतके तापले, किंवा आजच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापू लागले, तर चार्जिंग थांबवून टर्मिनलचे स्क्रू तपासून घ्यावेत. तांब्याची नवी वायर स्क्रूखाली काही काळाने बसते, म्हणून तीन महिन्यांनी वीज पूर्ण बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सर्व टर्मिनले ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळून घ्या. आरसीसीबीचे चाचणी बटण मात्र दर महिन्याला आपणच दाबून पाहावे. दोन्ही तारखा आरसीसीबीच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे पुढे येणाऱ्या तंत्रज्ञालाही त्या दिसतील.